कपातीनंतरचा अ‍ॅन्युअल डे: इव्हेंटवाल्यांचं ‘पूर्ण पॅकेज’ घ्यावं का?

पुण्यातल्या हिंजवडी, बाणेर, खराडी या पट्ट्यातल्या कंपन्यांना इव्हेंटवाले वार्षिक सोहळ्याचं जे ‘पूर्ण पॅकेज’ विकतात, त्याचं हे परीक्षण आहे. तेही एकाच प्रसंगातलं: कंपनीने नुकतीच शे-दोनशे माणसं कमी केली आहेत, सोहळ्याची तारीख आधीच ठरलेली आहे, अ‍ॅडव्हान्स गेलेला आहे, आणि आता कार्यक्रम करायचा की नाही हे अ‍ॅडमिनच्या माणसाला कोणी धड सांगत नाही. एरवी हे पॅकेज चांगलं असतं. हजार-बाराशे माणसांचं काम एका फोनवर होतं. पण या प्रसंगात ते जसंच्या तसं घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यातलं जेवण ठेवावं, स्टेज काढावं, आणि याद्यांवर स्वतः बसून काम करावं. का, ते पुढे.

पॅकेजमध्ये काय असतं ते या क्षेत्रातल्यांना माहीत आहेच, तरी एकदा नजर टाकू. लॉन किंवा बँक्वेट हॉल, चाळीस बाय चोवीस फुटांचं स्टेज, मागे एलईडी वॉल, ट्रसवर (धातूच्या सांगाड्यावर) लाइट, साउंड, जनरेटर, अँकर, बँड किंवा डीजे, फोटो बूथ, मुलांसाठी टॅटू आणि फुगेवाला, पुरस्कारांच्या ट्रॉफ्या, वर्षभराच्या आठवणींचा व्हिडिओ, गिफ्ट हॅम्पर, बुफे आणि फोटोग्राफर. वर अ‍ॅड-ऑन म्हणून ‘वेलनेस वीक’.

कपात आणि सोहळा एकाच महिन्यात येतात यामागे बहुतेक वेळा कोणाचा वाईट हेतू नसतो. पुण्यात लॉन मिळणं लग्नसराईवर अवलंबून असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, आणि मुहूर्तही त्याच दिवसांत. त्यामुळे कंपन्या ऑगस्ट-सप्टेंबरातच तारीख धरून ठेवतात. कपातीचा निर्णय वेगळ्या खोलीत होतो. मूळ कंपनी अमेरिकेतली असेल तर नव्या वर्षाच्या बजेटबरोबर जानेवारीत यादी बाहेर येते. ती चार-पाच जणांनाच ठाऊक असते, अ‍ॅडमिनला नसते. मग मंगळवारी अ‍ॅडमिनचा माणूस मेन्यू चाखून येतो आणि गुरुवारी त्याच्याच मजल्यावरचे लॅपटॉप जमा व्हायला लागतात. हे टाळण्यासाठी गुप्तता मोडावी लागत नाही. निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाने पुढच्या ६० दिवसांच्या पर्चेस ऑर्डरी उघडून पाहायच्या. लॉन, केटरर, ट्रॉफी, टी-शर्ट, केक: कंपनीच्या नावाने कुठे काय साजरं होणार आहे ते तिथे लिहिलेलं असतं. कोणाला काही विचारायची गरज पडत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे जमलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये दावोसला जागतिक आर्थिक मंचाची बैठक चालू असताना मायक्रोसॉफ्टने साधारण पन्नास पाहुण्यांसाठी ब्रिटिश गायक स्टिंगची खासगी मैफल ठेवली. दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, १०,००० नोकऱ्या कमी करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. मैफल अर्थातच आधीपासून ठरलेली असणार, अशा कलाकाराची तारीख आदल्या आठवड्यात मिळत नाही. पण तो खुलासा कोणाच्या कामाचा नाही. लोकांनी दोन तारखा शेजारी ठेवल्या आणि जे दिसायचं ते दिसलं. आपल्याकडे ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये २,५०० जणांना कमी करणार असल्याचं सांगितलं आणि ४ नोव्हेंबरला लिओनेल मेस्सीला आपल्या सामाजिक उपक्रमाचा जागतिक राजदूत म्हणून जाहीर केलं. उलट क्रमही सोपा जात नाही. मायक्रोसॉफ्टने ४ एप्रिल २०२५ ला रेडमंडमधल्या मुख्यालयात आपली पन्नाशी साजरी केली, बिल गेट्स, स्टीव्ह बामर आणि सत्या नाडेला तिघेही एका मंचावर होते. १३ मे रोजी सुमारे ६,००० आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे ९,००० नोकऱ्या कमी झाल्याचं जाहीर झालं. त्याच जुलैत टीसीएसने १२,००० हून अधिक माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यामुळे हा आता परदेशातल्या बातमीचा विषय राहिलेला नाही.

या तारखांवरून आम्ही एक साधा नियम काढतो. कपातीच्या आधी किंवा नंतर सहा आठवड्यांत स्टेज आणि माइक असलेला कार्यक्रम नको. त्याहून लांब असेल तर करा, पण खाली सांगितलेल्या दुरुस्त्या करून.

“आता रद्द केलं तर पैसे बुडतील” हे वाक्य अशा वेळी प्रत्येक मीटिंगमध्ये येतं. ते अर्धंच खरं आहे. हिशेब मांडून बघू. समजा १,२०० माणसं आणि माणशी २,५०० रुपये, म्हणजे ३० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी ५ लाख ४० हजार, एकूण ३५ लाख ४० हजार. ३० लाखांची फोड साधारण अशी धरा: जेवण १२, स्टेज-लाइट-साउंड ७, अँकर आणि कलाकार ५, जागा ३, हॅम्पर आणि ट्रॉफ्या ३. आता वीस दिवस आधी यातलं खरोखर काय गेलेलं असतं? केटररने कांदासुद्धा घेतलेला नसतो. तो माणसांचा पक्का आकडा तीन-चार दिवस आधी मागतो. एलईडी आणि ट्रस दिवसाच्या भाड्यावर येतात, ट्रक आदल्या रात्री भरला जातो. कलाकाराचा अ‍ॅडव्हान्स परत येत नाही, पण तारीख बहुधा बदलून मिळते. जागेचं भाडं सहसा जातं, मात्र लग्नाची तारीख असेल तर लॉनवाल्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं आणि तो बोलायला तयार असतो. लोगो छापलेला हॅम्पर मात्र गेला तो गेलाच.

म्हणजे भीती दाखवली जाते त्यापेक्षा बुडणारी रक्कम बरीच कमी असते. पण ते वेळेवर अवलंबून आहे. बहुतेक करारांत रद्द करण्याचे टप्पे असतात. महिनाभर आधी कळवलं तर काही भाग कापतात, शेवटच्या आठवड्यात कळवलं तर पूर्ण रक्कम. म्हणून ‘बघू, वातावरण निवळतंय का’ म्हणत थांबणं हाच सगळ्यात महागडा पर्याय ठरतो. व्हेंडरकडे रद्द हा शब्द न काढता तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तारीख पुढे नेता येईल का, भरलेला अ‍ॅडव्हान्स बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या कामात वळता होईल का, आणि स्टेजचा भाग काढून नुसतं जेवण ठेवलं तर सुधारित ऑर्डर किती रुपयांची होईल. पुढच्या वर्षीचं काम त्यालाही हवं असतं, तो तिन्हींवर बोलतो. करारातल्या ‘अपरिहार्य परिस्थिती’च्या कलमावर मात्र विसंबू नका. पूर, भूकंप, साथ, सरकारी बंदी यांच्यासाठी ते असतं. कपात हा कंपनीने स्वतः घेतलेला निर्णय आहे, तो त्यात बसत नाही.

पैशांचा प्रश्न असा सुटतो. खरी दुखापत होते ती स्टेजवर नव्हे, एक्सेल शीटमध्ये होते, आणि पॅकेजचा सगळ्यात कच्चा भाग तोच आहे.

सोहळ्याच्या साधारण चार आठवडे आधी एचआरच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी व्हेंडरला दिली जाते. नाव, एम्प्लॉयी आयडी, टीम, खासगी मोबाइल नंबर, शाकाहारी की मांसाहारी, सोबत कोण येणार, बस कुठून. त्याच दिवशी तिच्या सात-आठ प्रती होतात. एक बॅज छापणाऱ्याकडे, एक ट्रॉफीवाल्याकडे, एक बसवाल्याकडे, एक कुरिअरकडे, एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीकडे, एक व्हिडिओ एडिटरकडे, एक मुलांची चित्रकला स्पर्धा घेणाऱ्यांकडे. दोन आठवड्यांनी कपात होते. सॉफ्टवेअरमध्ये माणूस ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ होतो, ऑफिसचा मेल त्याच तासाला बंद होतो. बाहेर गेलेल्या प्रतींना हे कोणीच कळवत नाही. मग नोकरी जाऊन नऊ दिवस झालेल्या माणसाच्या फोनवर संध्याकाळी सात वाजता मेसेज येतो: ‘येताय ना? तुमची बस वाकड पुलाखालून ४:१५ ला सुटेल.’ पाठोपाठ दुसरा, मुलीच्या नावाने: ‘चित्रकला स्पर्धेसाठी रंगपेटी आमच्याकडून मिळेल.’ घरात मुलीला अजून काही सांगितलेलंही नसतं.

हे थांबवायला दोन तास पुरतात. ज्या दिवशी लोकांना कळवलं, त्याच दुपारी व्हेंडरला एक ओळ पाठवायची: नवी यादी येईपर्यंत सगळे मेसेज, छपाई आणि कुरिअर थांबवा. यात कोणाचंही नाव सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी नवी यादी द्यायची, फाइलच्या नावातच तारीख टाकायची, आणि जुनी पुसल्याचं प्रत्येक उपव्हेंडरकडून लेखी घ्यायचं. इथे एक चूक हमखास होते. घाईत कोणीतरी ‘ही नावं काढून टाका’ म्हणून कमी केलेल्यांचीच वेगळी यादी पाठवून देतं. असं कधीही करू नका. ती यादी छापखान्यातून आणि बसवाल्याकडून कुठे फिरेल याचा नेम नाही. राहिलेल्यांची पूर्ण यादी नव्याने पाठवा, म्हणजे कोण गेलं हे शोधायला कोणाला तरी दोन फाइली जुळवत बसावं लागेल.

बॅज आधी छापूच नका. छापलेले बॅज नोंदणीच्या टेबलावर आडनावानुसार मांडतात. रात्री साडेनऊला कोणी पाणी प्यायला बाहेर येतं तेव्हा न उचललेले बॅज तिथेच ओळीने पडलेले असतात. जागेवर छापणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं, एका बॅजला पाव मिनिटही लागत नाही. टेबलांचंही तेच. दहा जणांचं गोल टेबल टीमच्या नावाने लावलं आणि टीममधले चौघे गेलेले असले, की पांढरी कव्हरं आणि मागे बो बांधलेल्या चार रिकाम्या खुर्च्या समोर ठेवून उरलेल्या सहा जणांनी जेवायचं. टीमनिहाय बसवू नका. टेबलाला आठच खुर्च्या लावा, एकूण माणसांच्या ऐंशी टक्केच मांडा, बाकीच्या मागे रचून ठेवा. माणसं वाढली तर खुर्ची आणून देता येते. रिकामी खुर्ची सगळ्यांदेखत उचलणं वाईट दिसतं.

अँकर हा दुसरा कच्चा भाग. यात अँकरचा दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. तो नेहमीचं करतो: “पाच वर्षांहून जास्त कोण कोण आहे, हात वर!”, “आपण एक फॅमिली आहोत”, “सगळ्यांनी शेजारच्याला मिठी मारा”. त्याच्याकडच्या खेळांत संगीत खुर्ची असते, ‘एलिमिनेशन राउंड’ असतो. त्याला एका पानाची लेखी सूचना द्या. त्यात घडलं काय ते दोन वाक्यांत, टाळायचे शब्द, टाळायचे खेळ. ‘कुटुंब’ हा शब्द पूर्ण बंद. ज्यांना गेल्या महिन्यात बाहेर काढलं ते कुटुंबात नव्हते का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो आणि त्याला उत्तर नाही. बाद होण्याचा कुठलाही खेळ नको. अँकर नको असं ठरलं तर त्याहून उत्तम.

प्रमुखाचं भाषण ठेवायचंच असेल तर ते तीन-चार मिनिटांचं, जेवणाआधी, हॉलचे दिवे चालू ठेवून, मागे संगीत नसताना. किती जण गेले तो आकडा, कधी, कारण एका वाक्यात, त्यांना काय दिलं, आणि पुढे अजून कपात आहे की नाही यातलं जेवढं ठाऊक आहे तेवढं. ‘त्यांनी कंपनीसाठी त्याग केला’ असं म्हणू नका. त्याग स्वखुशीने करतात. त्याच भाषणात विक्रमी नफ्याची स्लाइड दाखवू नका. आणि हे भाषण म्हणजे लोकांना प्रमुख पहिल्यांदा दिसण्याची वेळ असू नये. त्याआधी किमान एक आठवडा ऑफिसात, कामाच्या वेळेत, प्रश्न विचारता येतील अशी बैठक झालेली हवी. ती झाली नसेल तर सोहळ्यातल्या माइकवर कोणीतरी तो प्रश्न विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती नेहमी निसटते. इव्हेंटवाल्यांच्या रन शीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटवार वेळापत्रकात, एमडींच्या भाषणाच्या शेवटी ‘कन्फेटी, सीओटू जेट, म्युझिक अप’ (रंगीत कागदांची उधळण, धुराचे फवारे, संगीत मोठं) असा क्यू, म्हणजे इशारा, लावलेला असतो. ऑपरेटर भाषण ऐकत नसतो, तो क्यूची वाट पाहत असतो. तोंडी सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. रन शीटमधूनच ती ओळ खोडून घ्या आणि रिहर्सलला समोर उभं राहून बघा.

वर्षभराच्या व्हिडिओबद्दल आमचं मत कडक आहे. एडिटर दोनपैकी एक करतो. गेलेल्यांचे हसरे फोटो उडत्या चालीवर तसेच ठेवतो, किंवा सांगितलं म्हणून त्यांना फोटोतून कातरून काढतो. दुसरं जास्त वाईट. उरलेल्यांना त्या फोटोत कोण कुठे उभं होतं हे पाठ असतं, कापलेल्या कडेला कोणाचा तरी खांदा दिसतोच. टीमचे फोटो जसे आहेत तसे, शांतपणे दाखवायची तयारी असेल तर दाखवा. नसेल तर व्हिडिओ काढून टाका, कोणी विचारणार नाही.

आता जे चांगलं आहे ते. पुण्यातल्या केटररांचं काम पक्कं असतं आणि या पॅकेजचा तो सगळ्यात विश्वासाचा भाग आहे. फक्त पक्का आकडा देताना हात राखून द्या. कपातीनंतर लोक ‘येतो’ म्हणतात आणि येत नाहीत, घरच्यांना तर बहुतेक आणतच नाहीत. एरवी यादीच्या नव्वद टक्के धरत असाल तर इथे सत्तर धरा, आणि आयत्या वेळी दहा टक्क्यांपर्यंत वाढ करून मिळेल असं केटररकडून लिहून घ्या. शंभर माणसांमागे एक दुहेरी काउंटर असला की रांग लागत नाही. उरलेलं अन्न कोणाला द्यायचं असेल तर ती संस्था आधी ठरवा. शिजवलेलं अन्न तासन्‌तास उघड्यावर पडलं की ते देण्याच्या लायकीचं राहत नाही, म्हणून भांडी पूर्ण बाहेर न मांडता टप्प्याटप्प्याने काढायला सांगा.

बार नको. परवान्याचा प्रश्न आहेच. महाराष्ट्रात एक दिवसाचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो, बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, म्हणजे नुकतेच लागलेले फ्रेशर बहुतेक या दुसऱ्या मर्यादेच्या अलीकडचेच. पण मुख्य कारण वेगळं आहे. ज्या मॅनेजरने यादीवर सही केली आणि ज्याचा शेजारी त्या यादीत गेला, ते दोघे त्या रात्री एकाच काउंटरवर उभे असतात.

मराठी घरांत हे शहाणपण जुनं आहे. भावकीत कोणी गेलं आणि ठरलेलं लग्न पुढे नेता येत नसेल, तर वाजंत्री न लावता चार माणसांत उरकतात. कोणी त्याला नावं ठेवत नाही, कोणाचा रुसवा होत नाही. जेवण असतं, वाढणारे हळू बोलतात, आहेर देणंघेणं टाळतात. कंपनीला नेमकं हेच करायचं आहे, आणि त्यासाठी पॅकेजमधली छोटी आवृत्ती मागता येते. दुपारचं जेवण, कँपसमध्येच, साडेबारा ते साडेतीन. स्टेज नाही, एलईडी नाही, एक साधा माइक. मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, जिलबी, मठ्ठा, आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी एक वेगळा काउंटर. जेवणानंतर कामावर परत जायची सक्ती नको, उरलेली दुपार सुट्टी. वरच्या हिशेबात हे १२ लाखांच्या जेवणाच्या भागातच भागतं, माणसं कमी आल्यामुळे बहुधा त्याहून कमी. संध्याकाळ नसल्यामुळे दहा वाजता लाउडस्पीकर बंद करण्याची धावपळ नाही, रात्रीच्या गाड्या नाहीत, महिला कर्मचाऱ्यांना घरी सोडण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही. आम्ही या छोट्या आवृत्तीला पाचपैकी चार देऊ. पूर्ण पॅकेजला या प्रसंगात एक, तोही केटररसाठी.

हॅम्पर थांबवता आला तर थांबवा. लोगोची बाटली, डायरी आणि सुक्या मेव्याचा डबा या दिवसांत कोणालाच नको असतो. थांबवता येत नसेल तर घरी कुरिअर करू नका, ऑफिसात ठेवा, हवा तो घेईल.

वेलनेस वीकच्या अ‍ॅड-ऑनमधलं बहुतेक नाकारण्यासारखं आहे. हास्ययोग, साउंड बाथ (आडवं पडून घंटानाद ऐकणं) आणि विशेषतः ‘रेझिलियन्स वर्कशॉप’, म्हणजे खंबीर राहायला शिकवणारी कार्यशाळा. त्या वर्कशॉपचा अर्थ लोक असा लावतात की झालं ते ठीकच झालं, सहन करायला तुम्हीच शिका. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: समुपदेशनाची फोन सेवा. घेताना तीन गोष्टी तपासा. फोन कंपनीच्या यंत्रणेतून न जाता थेट समुपदेशकाकडे जातो का, कंपनीला मिळणाऱ्या अहवालात फक्त एकत्रित आकडे असतात का, आणि लहान टीमचे आकडे वेगळे दाखवत नाहीत ना. चार जणांच्या टीममधून दोन फोन आले असं अहवालात आलं, तर ते नाव सांगितल्यासारखंच. आणि ही सेवा गेलेल्यांनाही किमान सहा महिने चालू ठेवा. गरज त्यांना जास्त असते.

यापुढचा भाग इव्हेंटचा नाही, पण कुठलाही कार्यक्रम करण्याआधी तो पूर्ण झालेला हवा, आणि इथे हात आखडता घेणाऱ्या कंपनीने जिलबीसुद्धा वाटू नये. गेलेल्यांचा हिशेब चुकता झाला का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, कामावरून कमी केलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची तरतूद आहे. पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंत थांबवायची जुनी सवय आता सोडली पाहिजे. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र एकाच दिवशी द्या, त्यात ‘टर्मिनेट’ हा शब्द नको. पीएफच्या पोर्टलवर शेवटच्या दिवसाची नोंद कंपनीने करायची असते. ती राहिली तर माणसाला पैसे काढायला आणि खातं वळतं करायला अडचण येते. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने उलटल्यावर तो स्वतः नोंद करू शकतो, पण ज्याचा पगार थांबलाय त्याने दोन महिने का थांबायचं? ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, म्हणजे आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही, पण त्यासाठी विमा चालू असतानाच अर्ज करायला हवा. हे कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी डायलिसिस किंवा केमो चालू आहे त्यांना एचआरने त्याच दिवशी फोन करून सांगावं, मेलमधल्या अकराव्या मुद्द्यात नव्हे. कंपनीला जमत असेल तर विमा तीन महिने वाढवून द्यावा. स्टेज-लाइट-साउंडच्या सात लाखांतून त्यातलं बरंच होतं.

फोटोग्राफर ठेवलात तर अल्बमची लिंक कुठे पाठवायची ते आधी ठरवा. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे गेलेले सहकारी अजून असतात आणि त्यांना कोणी काढलेलं नसतं, काढूही नये. लिंक्डइनवर तर काहीच नको.

राहिल्या ट्रॉफ्या. हा सगळ्यात अवघड भाग, कारण नावं कोरण्याची ऑर्डर तीन आठवडे आधी जाते. दहा वर्षं सेवेची, वर्षातल्या उत्तम प्रकल्पाची, टीम अवॉर्डची. कपातीनंतर बॉक्स उघडला की त्यात गेलेल्यांच्या नावाच्या पाच-सहा निघतात. प्रकल्पाचं बक्षीस ज्या टीमला ठरलं तिच्यातले निम्मे नसतील, तरी बक्षीस पूर्ण टीमला द्या आणि सगळी नावं वाचा. सेवेच्या ट्रॉफ्या स्टेजवर वाटू नका, प्रत्येकाच्या टेबलावर नेऊन द्या. गेलेल्यांच्या ट्रॉफ्यांसाठी त्यांच्या जुन्या मॅनेजरने स्वतः फोन करावा, एचआरने नाही: तुमची ट्रॉफी तयार आहे, ती तुमचीच आहे, घरी आणून देऊ का? हो म्हणाले तर कुरिअर न करता हाताने न्यावी. नको म्हणाले तर पुन्हा विचारू नये. आणि ती ट्रॉफी पैसे वाचवायला दुसऱ्याच्या नावाने परत वापरू नये. क्रिस्टलमध्ये कोरलेलं पुसता येत नाही. लाकडी असेल तर ट्रॉफीवाला जुन्या पितळी पट्टीवर नवी पट्टी चिकटवून देतो, पण पट्टी दुहेरी झाल्याचं कडेला नख लावलं की कळतं. काही महिन्यांनी डिंक सुटतो, आणि खालचं नाव वर येतं.